नव्वद दिवस एका जागी

शालूबाईंना 'बसा' म्हणायचं मी आता सोडून दिलंय. पंधरा वर्षं म्हणत होतो. दुकानासमोर एक लाकडी बाक मुद्दाम ठेवलाय, सकाळी तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी. बाकीच्या बसतात, पाय लांब करतात, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करतात. शालूबाई उभ्याच. चहाचा कप हातात, डोक्यावर घ्यायची चुंबळ काखेत, पदर खोचलेला आणि नजर रस्त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीनं. त्यांच्याकडं बघून मलाच दम लागतो. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच, असं मी एकदा घरी म्हणालो, तर बायको म्हणाली, "भिंगरी कुणीतरी फिरवल्याबिगर फिरत न्हाय." माझी बायको दानेश्वरी अधूनमधून असं काहीतरी बोलते आणि मग दिवसभर माझी चिडचिड होते.

माझं नाव शशिधर. कोल्हापुरात तिकटीच्या कोपऱ्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बाइंडिंग वायर, फावडी, घमेली, पाइप. दिवसभर गल्ल्यावर बसून असल्यामुळं माझं पोट सुटलंय आणि मत देण्याची सवय लागलीय.

शालूबाई स्लॅबच्या टोळीत आहेत. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले एकेका ठिकाणी महिनोन् महिने असतात. स्लॅबच्या टोळीचं तसं नाही. फळ्या ठोकून, सळ्या बांधून तयारी झाली की पंचवीस-तीस माणसं मिक्सर घेऊन येतात, सकाळी नारळ फुटतो आणि दिवस मावळेपर्यंत स्लॅब भरून मोकळा. मध्ये थांबता येत नाही. थांबलं की जोड राहतो आणि तो जोड पुढं जन्मभर गळतो. दुसऱ्या दिवशी टोळी दुसरीकडं. आज फुलेवाडी, उद्या उचगाव, परवा कळंबा. पंधरा वर्षांत शालूबाई कुठल्याही घरावर सलग दुसऱ्या दिवशी गेलेल्या नाहीत.

त्यांचं गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथं एका लहान धरणाचं पाणी आहे. पण त्यांच्या अस्वस्थपणाचं मूळ त्या पाण्यात नाही, पाणी यायच्या आधीच्या नऊ वर्षांत आहे. लग्न होऊन त्या गावात आल्या त्याच वर्षी नोटीस आली, की पुढच्या पावसाळ्याआधी गाव उठणार. पुढच्या वर्षी परत तीच नोटीस. असं नऊ वर्षं चाललं. कुणी पडकी भिंत उभी केली नाही, कौलं बदलली नाहीत, फणसाचं रोप लावलं नाही. त्या गावात कुणी मुलगी दिली नाही. भात तेवढा लावला, कारण भात चार महिन्यांत हाताला येतो. भांडी बोचक्यात बांधलेली असायची. लागेल ते काढायचं, घासायचं, परत बांधायचं. नऊ वर्षं असं काढलेल्या माणसाला बाकावर बसवत नसेल तर त्यात नवल काय?

शेवटी गाव उठलं. जयसिंगपूरच्या बाजूला माळावर वसाहत मिळाली, जमीनही मिळाली. जमीन खारवट. डोंगरात भात पिकवणाऱ्या माणसाला सपाटीवरचं, मीठ फुटून पांढरं पडलेलं रान दिलं. तिथं त्यांनी एकदा ज्वारी आणि एकदा ऊस करून बघितला, आणि दोन्ही वेळा रानानं हात वर केले. नवरा पुण्याला एका सोसायटीत वॉचमन झाला, दिवाळीला येतो. शालूबाई लेकीला घेऊन कोल्हापूरला आल्या आणि टोळीत लागल्या. इथं त्यांनी अकरा खोल्या बदलल्या. काही मालकांनी सोडायला लावल्या. काहींच्या बाबतीत मालक राहा म्हणत होता आणि ह्याच उठल्या.

आता मुद्द्याचं. इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांची सरकारदरबारी नोंदणी होते. नोंदणी झाली की भांड्यांचा संच मिळतो, पत्र्याची पेटी मिळते, दवाखान्याला मदत मिळते, पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते. चांगली योजना आहे. इतकी चांगली, की आमच्या गल्लीत सतरा घरं आहेत आणि त्यातल्या चौदा घरांत तोच भांड्यांचा संच आहे. तीच परात, तोच कुकर. बारशाला कुणाची परात कुणाकडं राहिली, ते कळत नाही. ह्या चौदा घरांतल्या एकाही बाईनं उभ्या जन्मात घमेलं उचललेलं नाही. त्यातलीच एक बाई म्हणजे दानेश्वरी.

हे सांगताना मला लाज वाटते. भांडी आली त्या दिवशी वाटली नव्हती. एक एजंट आला, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेला. आमचे ओळखीचे कंत्राटदार अमरसिंहदादा, माझ्याकडूनच माल नेणारे. त्यांनी लिहून दिलं की सदर महिलेनं माझ्याकडं नव्वद दिवस मजूर म्हणून काम केलं आहे. महिनाभरात पेटी घरात. दाखला कसा दिलात, असं मी त्यांना विचारलं नाही. फुकट ते पौष्टिक. शालूबाईंची नोंदणी आहे का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. असणारच, असं धरून चाललो होतो.

नव्हती. हे कळलं गेल्या वर्षी, त्यांची लेक स्नेहल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात गेली तेव्हा. पहिल्या वर्षाची फी आईनं कशीतरी भरली होती. दुसऱ्या वर्षाला ते शक्य नव्हतं. कॉलेजातल्या एका बाईंनी वाट दाखवली, की आई बांधकाम मजूर आहे तर नोंदणी करून घ्या, फीला मदत मिळेल. महिनाअखेरपर्यंत नोंदणीची पावती आणलीस तर नाव ठेवते, नाही तर कमी करावं लागेल. हातात अठरा दिवस होते.

त्या दिवशी शालूबाई दुकानासमोर नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. चार-पाच वेळा पायरीपर्यंत आल्या आणि परत गेल्या. शेवटी मीच ओरडलो.

"अवो, काय पायजे ते सांगा की. फिरून फिरून माझी पायरी झिजवालासा."

"अण्णा, पोरगी चुंबळ इचारत हुती."

"कसली चुंबळ?"

"म्हणती, आई, तुझी जुनी चुंबळ हाय का घरात एखादी. न्हाय मिळाली पावती तर मी येतो म्हणती तुझ्यासंगं." त्यांनी काखेतली चुंबळ उगाचच दुसऱ्या काखेत घेतली. "इंजेक्शन द्यायला शिकलीया ती. चांगलं देती. मलाच दिलतं एकदा, कळलंबी न्हाय."

एवढं बोलून त्या परत रस्त्याकडं बघायला लागल्या. मी कागद-पेन काढलं. सोपं काम आहे, असं मला वाटलं.

फॉर्म सोपाच होता. अडलं नव्वद दिवसांच्या दाखल्यावर. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं लिहून द्यायला ग्रामसेवक हवा, नाही तर नोंदलेला कंत्राटदार. शालूबाई पहाटेची बस धरून वसाहतीत गेल्या. तिथले ग्रामसेवक म्हणाले, तुम्ही इथं राहत नाही, इथं काम करत नाही, मी काय बघून लिहू? त्यांचंही खोटं नव्हतं. शहरात महापालिकेत विचारलं तर म्हणाले, तुमचा पत्ता तर वसाहतीचा आहे. जुन्या गावचा ग्रामसेवक विचारायची सोयच नव्हती. टोळीचा मुकादम सयाजीमामा अंगठेबहाद्दर, त्याची स्वतःचीच नोंदणी नाही. तो म्हणाला, "मी अंगठा लावतो की दहा ठिकाणी, पर त्यो घेणार कोण?"

ह्यात सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तोवर शालूबाई समोर.

"अण्णा, मी इचार केला. एका घरावर माझा एक दिस भरतोय. मग नव्वद घरमालकांच्या सह्या आणल्या, तर नव्वद दिस झालं न्हवं?"

मी बराच वेळ त्यात चूक शोधत होतो. सापडली नाही. आजही मला वाटतं, की त्यात चूक नव्हती. मी दुकान पुतण्यावर टाकलं, वहीची पानं आखली आणि शालूबाईंना स्कूटरवर मागं बसवून निघालो. स्कूटरवर तरी बसावं लागतं, हे माझं समाधान.

त्यांना कुठल्याच घराचा पत्ता ठाऊक नव्हता, मालकाचं नाव ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं जेवण. स्लॅबच्या दिवशी मालकानं टोळीला जेवायला घालायची आपल्याकडं पद्धत आहे. कुणी मटण करतं, कुणी जिलेबी-भजी आणतं, कुणी वडापाव देऊन हात झटकतं. शालूबाईंच्या डोक्यात अख्खं कोल्हापूर असं मांडलेलं.

"हितनं डावीकडं घ्या अण्णा. ह्ये तांबड्या रश्श्यात मीठ इसरलेलं घर."

"आणि ते पलीकडचं?"

"ती शिळी जिलेबी. तिथं नको, तो माणूस सही देणार न्हाय. जिलेबीत कळतं माणूस."

पाचगावात एका घरापाशी त्या म्हणाल्या, इथली मालकीण दिवस भरलेली होती आणि तरी स्वतः वाढत होती. दार उघडलं त्या बाईच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं पोर होतं. बाईनं शालूबाईंना ओळखलं नाही, पण सही केली, चहाही दिला. बऱ्याच जणांनी ओळखलं नाही. ओळखणार कसे? स्लॅबच्या दिवशी मालक वर बघतो, स्लॅबकडं. सही म्हटल्यावर माणसाचा चेहरा बदलतो, हेही मी ह्या आठवड्यात शिकलो. एकजण म्हणाला, कोर्टात तर लागणार नाही ना? एका निवृत्त साहेबांनी कागद तीनदा वाचला आणि वकिलाला विचारून सांगतो म्हणाले, ते अजून विचारतायत. मी दोन ठिकाणी भांडलो. शालूबाई मात्र प्रत्येक घरात आधी मान वर करून छताकडं बघायच्या आणि विचारायच्या, "गळत न्हाय न्हवं?" गळत नाही म्हटलं, की मग कागद पुढं करायच्या.

सात दिवस आम्ही फिरलो. सात दिवस त्यांची मजुरी बुडाली, माझं गिऱ्हाईक बुडालं. पण सह्या झाल्या एक्क्याण्णव. एक जादा, कुणी खोडी काढलीच तर.

नोंदणीच्या खिडकीवर जो कारकून होता तो भला माणूस होता, हे मी मान्य करतो. त्यानं सगळी पानं उलटून बघितली. मग पानांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि कागद परत दिले.

"मावशी, हे सगळे घरमालक आहेत. घरमालकाचं चालत नाही. कंत्राटदार पाहिजे, नाही तर ग्रामसेवक. आणि एकच पाहिजे."

"म्हणजे नव्वद जणांचं खोटं आणि एकाचं खरं?" मी म्हणालो. मागं रांगेतली माणसं बघायला लागली इतक्या मोठ्यानं म्हणालो.

"साहेब, मला ओरडून काय उपयोग? माझ्या कॉम्प्युटरमध्ये एकच नाव टाकायला जागा आहे. हे खरं आहे हे मला दिसतंय हो. पण टाकू कुठं?"

बाहेर आल्यावर मी स्कूटर चालू केली आणि मागं वळून बघितलं तर शालूबाई नव्हत्या. चालत निघाल्या होत्या, भराभर, घराच्या उलट्या दिशेनं. मी हाका मारल्या, त्यांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. महिना संपायला चार दिवस राहिले होते.

मी सरळ अमरसिंहदादांकडं गेलो. सयाजीमामाची टोळी वर्षातले निम्मे स्लॅब त्यांचेच भरते, म्हणजे शालूबाईंनी त्यांच्याकडं खरोखरच नव्वदच्या आसपास दिवस काढले असणार. आजवर मी त्यांना विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर दानेश्वरीच्या दाखल्याचा विषय निघाला असता आणि मला तो नको होता. हेही सांगून टाकतो, आता लपवून काय करायचंय.

बायपासजवळ त्यांची तीनमजली इमारत चालू होती. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी विषय काढला. त्यांनी मान हलवली.

"अण्णा, तुमच्यासाठी काय बी करू. पर ह्ये न्हाय जमायचं."

"का? आमच्या घरातल्यांना दिला की."

"वैनींचं येगळं हाय." ते अगदी शांतपणे, सळीचा भाव सांगावा तसं सांगत होते. "वैनी कधी माझ्या स्लॅबवर चढणार हायत काय? चढणारच न्हाईत तर पडणार कुठनं? शालूबाई रोज चढती. आज मी लिहून दिलं, ही बाई माझी मजूर, आणि उद्या ती खाली आली, तर दवाखाना, पोलीस, भरपाई, समदं माझ्या गळ्यात. न पडणारी माणसं मी पाचशे लिहून देतो. पडणारं माणूस कागदावर घेत न्हाय."

मला राग यायला हवा होता. आला, पण उशिरा, घरी पोचल्यावर. तिथं मी त्यांचा चहा पिऊन उठलो. मी निघताना त्यांनी मला चार बंडल वायर पाठवायला सांगितली आणि मी हो म्हणालो.

जेवताना मी दानेश्वरीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्या ताटात न विचारता भाकरी वाढत होती.

"म्हंजे मी पडणार न्हाय म्हणून मला कागद मिळाला," ती म्हणाली.

"व्हय. तसंच म्हणाले."

"आणि शालूअक्का पडंल म्हणून तिला न्हाय."

"आता परत परत काय वदवून घेतीस? सिस्टीमच तसली हाय, आपण काय करणार..."

"साकू," ती म्हणाली. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. रागावली की तिकडच्या कन्नडात जाते. साकू म्हणजे पुरे. ताटं उचलताना तिनं विचारलं, "त्यांचा स्लॅब कवा हाय?"

"गुरुवारी. तिसऱ्या मजल्याचा."

"बरं," ती म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी ती जुनं लुगडं नेसून, कासोटा घालून बाहेर आली. हातात नोंदणीचं कार्ड. "चला, मला सोडा," म्हणाली.

"कुठं?"

"मी नव्वद दिस काम केलंय तिथं. मला रस्ता ठाऊक न्हाय, तुमीच न्या."

मी पुष्कळ समजावलं. वय बावन्न, साखर आहे, गुडघे दुखतात, गच्चीवर पापड वाळत घालायला गेली तरी दोनदा थांबते. ती स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली, ती अशी उभी राहिली की काय होतं ते मला माहीत आहे. निघालो.

नारळ फुटून मिक्सर सुरू झाला होता. खालून लिफ्टनं माल वर जात होता आणि वर बायका घमेली भरून फळ्यांवरून पुढं नेऊन ओतत होत्या. दानेश्वरी कुणाला काही न विचारता जिन्यानं वर गेली. कठडा नसलेला कच्चा जिना. भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत गेली. मी मागं जायला लागलो तर सयाजीमामानं अडवलं, म्हणाला, "अण्णा, वर फळीला तुमचं वजन सोसायचं न्हाय." मी खाली उभा राहिलो. वर बघितलं तर ती टोकाशी, हातात घमेलं.

अमरसिंहदादा गाडीतून उतरले आणि वर बघून जागीच थांबले.

"वैनी, ह्ये काय? खाली या आधी."

"खाली कशी येऊ?" ती वरून म्हणाली. तिचा आवाज मोठा आहे, मिक्सरवरूनही ऐकू आला. "मी तुमची मजूर हाय की. नव्वद दिस भरल्यात, आज एक्क्याण्णवावा. कार्ड आणलंय."

"वैनी, चेष्टा पुरं."

"चेष्टा न्हाय. पडलो तर तुमच्या नावावर पडतो. तसं लिहून दिलंयसा तुमी."

टोळीचे हात मंदावले. शालूबाई आपलं घमेलं टाकून धावत तिच्यापाशी आल्या, कोपर धरलं. "वैनी, खाली चला. माझ्यापायी असलं करू नगासा," असं म्हणत होत्या. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. खाली सयाजीमामा एकदा मिक्सरकडं आणि एकदा अमरसिंहदादांकडं बघत म्हणाला, "दादा, माल आवळतोय. जोड पडंल. काय ते ठरवा."

दानेश्वरीनं शालूबाईंचा हात सोडवला आणि घमेलं उचलून पुढं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला तिचा पाय फळीवरून घसरून सळ्यांच्या जाळीत गेला आणि ती बाहेरच्या अंगाला झुकली. घमेलं तीन मजले खाली आलं आणि अमरसिंहदादांच्या गाडीपासून दोन हातांवर आपटलं. तिला शालूबाईंनी लुगड्याला धरून मागं खेचलं होतं. दोघी सळ्यांवर पडलेल्या होत्या. मला वाटतं मी त्या वेळी दानेश्वरीला काहीतरी घाण शिवी दिली.

अमरसिंहदादांनी गाडीचं दार उघडलं. छापील दाखल्यांचा गठ्ठा गाडीतच होता, शिक्काही होता. बॉनेटवर ठेवून त्यांनी नाव विचारलं, पूर्ण नाव, शालूबाईंचं. मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, की सदर महिलेनं ह्या इमारतीवर सलग नव्वद दिवस काम केलं आहे. सलग, एकाच जागी. त्यांच्या छापील कागदावर तसंच होतं.

शालूबाई दानेश्वरीला धरून खाली घेऊन आल्या. दोघींची कोपरं सोलली होती. दादांनी कागद त्यांच्या हातात दिला.

"घे. पर उद्यापास्नं माझ्या स्लॅबवर दिसायचं न्हाईस. सयाजीमामा, ऐकलंसा? हिला आणली तर मी टोळी बदलतो."

सयाजीमामा मिक्सरकडं वळला. त्याची पंचवीस माणसं वर खोळंबली होती, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शालूबाईंनी कागदाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी चोळीत खोचली.

"आजचा तर भरू द्या," त्या म्हणाल्या. "एक बाई कमी पडली तर जोड ऱ्हाईल."

दादांनी हात हलवला. त्या वर गेल्या. आम्ही दोघं खाली वाळूच्या ढिगावर बसून राहिलो, संध्याकाळपर्यंत. जा म्हणून कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही जावंसं वाटलं नाही. दानेश्वरीचा गुडघा टम्म सुजला होता.

शनिवारी पावती मिळाली. स्नेहलचं नाव राहिलं. ती पेढे घेऊन आली होती, पांढऱ्या कपड्यात, दुकानात उभी राहून माझं बीपी बघितलं आणि मीठ कमी करा म्हणाली.

अमरसिंहदादांनी चार जणांना सांगितलं, त्या चार जणांनी आणखी चार जणांना. ती बाई कागद मागते. दोन आठवडे शालूबाई रोज तिकटीवर येऊन उभ्या राहिल्या आणि रोज टोळीचा टेम्पो त्यांना सोडून गेला. माझ्याकडून दादांनी माल घेणं बंद केलं, ते मला परवडलं. शालूबाईंना काम बंद होणं परवडलं नाही. कोल्हापुरात बारावी खोली त्यांनी घेतलीच नाही. एके दिवशी त्या जयसिंगपूरला गेल्या. तिकडच्या टोळ्यांना त्यांचं नाव ठाऊक नाही. ज्या माळावरून पंधरा वर्षांपूर्वी उठल्या त्याच्याजवळच परत, पण वसाहतीत नाही, बस स्टँडमागं खोली घेऊन. दानेश्वरीनं आपली नोंदणी रद्द करायचा अर्ज दिलाय. तो अजून पडून आहे. नाव घालायला एक महिना लागला होता, काढायला आठवा महिना चालू आहे.

परवा शालूबाईंचा फोन आला. मागं कुठंतरी मिक्सर चालू होता.

"अण्णा, स्नेहल तिसऱ्या वर्षाला चालली. दाखला परत लागतोय म्हणं?"

"लागतोय," मी म्हणालो. "दर वर्षाला नवा."

मग त्या म्हणाल्या, "वैनींचा गुडघा कसा हाय?"

मी फोन दानेश्वरीच्या हातात दिला. तिनं प्रश्न परत विचारायला लावला, नीट ऐकून घेतला.

"चढतोय अजून, शालूअक्का," ती म्हणाली. "तू फकस्त स्लॅब कवा हाय ते सांग."